आमच्या जपानी व्हॅनचं कपाळ

मंडळी, सुटलो! आमची जपानी व्हॅन आज बारामतीत पास झाली.

तात्या, म्हणजे माझे वडील, व्हीलचेअरवर असतात. दवाखान्यात न्यायचं तर चौघांनी उचलावं लागतं, म्हणून ते घराबाहेर पडायचंच टाळतात. खुर्चीसकट आत जाता येईल अशी रॅम्पची व्हॅन मी जपानहून मागवली. बंदर, कस्टम, दाखले यात आठ महिने गेले.

आज आईला आणि खुर्चीसकट तात्यांना व्हॅनमध्ये घेऊनच आरटीओत गेलो. साहेबांनी चेसिस नंबर बघायला घेतला. नंबराच्या पट्टीवर तेलात कालवलेल्या कुंकवाचा जाड थर! एक आकडा दिसेना.

"हे कुणी केलं?" साहेबांनी विचारलं.

"मी," आई म्हणाली. "लांबनं आलीय, पूजा नको व्हय? तितं कायतरी कोरलेलं दिसलं. म्हटलं, हेच तिचं कपाळ."

साहेबांना हसू आवरेना. आईनं पदरानंच पट्टी पुसली. आकडा न् आकडा कागदाशी जुळला.

तुमी गाडीला कुंकू कुठं लावता, जरा आईला सांगा.

सांगवीत घरापुढं आलो, रॅम्प खाली सोडला. तात्या खुर्चीला हात लावू देईनात. म्हणाले, "उतरवू नका. मळा बघून दोन वर्षं झाली, आधी तिकडं चला."