मासा खाल्लेला पक्षी

फंगशियाचा नवरा युछंग राळ्याची शेती करायचा, पण जीव सगळा गावामागच्या टेकडीत अडकलेला. चीनमधल्या ल्याओनिंगच्या त्या भागात टेकडीचा दगड पापुद्र्यांनी सुटतो आणि दोन पापुद्र्यांमध्ये कधी दगड झालेला मासा निघतो, कधी पान. थंडीत युछंगला पक्षी सापडला. पंख पसरलेले, मान मागे टाकलेली. त्याने तो खालून तापणाऱ्या विटांच्या ओट्यावर आणून ठेवला, जिथं दोघं झोपायची.

“हे बघ, चोचीत दात आहेत.”

“वाळूचे कण असतील. कोंबडीला कधी दात असतात का?”

“तुझ्यासारखी चावरी असेल.”

“मग तिलाच घे शेजारी!”

त्याने खरंच दगड दोघांच्या मध्ये निजवला. फंगशिया हसून हसून बेजार झाली.

पण त्यानंतर युछंगने ध्यासच घेतला. याची जोडीदारीण तिथंच खाली आहे, असं म्हणत तो विहिरीसारखा खड्डा खोल खोल नेत राहिला. जर्दाळू फुलले, शेजाऱ्यांच्या पेरण्या झाल्या, त्यांचं रान तसंच पडून. एके सकाळी तो कुदळ घेऊन निघाला तेव्हा फंगशियाचा तोल सुटला. चुलीवर पेज शिजत होती. तिने वर झाकण आदळलं.

“शेत सोडून दगडांच्या मागं लागलास ना? मग दगडच खा जा!”

युछंग उंबऱ्यापाशी जरा घुटमळला, आणि तसाच उपाशी गेला. दुपारी खड्ड्याची कड ढासळली. गावकऱ्यांनी उकरून काढलं तेव्हा त्याच्या तोंडात माती होती.

पुढं दिरांनी समजावलं, “वहिनी, असले दगड सरकारचे असतात. उद्या जिवाला घोर लागेल, देऊन टाक.” दक्षिणेत कारखान्यात कामाला गेलेली लेक फोनवर तेच म्हणाली. फंगशियाने कुणाचं ऐकलं नाही. ओट्यावर युछंगच्या जागी दगड तसाच राहिला. अंथरूण घालताना तिचा हात त्याला लागायचा.

पुढच्या वर्षी राळं कापणीला आलं तेव्हा कुणीतरी कळवल्यावरून संग्रहालयातली शाओयिन नावाची तरुण मुलगी घरी आली. तिने दगड मागितला नाही. नुसतं बघू का, एवढंच विचारलं. भिंग लावून ती बराच वेळ वाकून राहिली.

“काकू, बघा, दात!”

फंगशियाने भिंगातून पाहिलं. सुईच्या टोकाएवढे, ओळीने बसलेले. वाळू नव्हती ती.

“पक्ष्याला दात कशाला गं?”

“निसटता मासा धरायला. बारा कोटी वर्षांपूर्वी इथं तळं होतं. तेव्हाच्या पुष्कळ पक्ष्यांना दात असायचे, पुढं गेले.” शाओयिनचं बोट बरगड्यांखाली थांबलं. “आणि हे काटे, हे खवले! मासा आहे पोटात. गिळला आणि जिरायच्या आत हा मेला. तळाशी गेला, वर ज्वालामुखीची राख बसली.”

“म्हणजे उपाशी नाही गेला?”

“छे हो काकू! पोटभर जेवून गेला.”

पोरगी आनंदाने बोलत होती, तिला काय माहीत. फंगशिया त्या काट्यांकडे बघत राहिली. मग उठून तिने युछंगचा कापूस भरलेला कोट काढला आणि दगड त्यात गुंडाळला.

“घेऊन जा.”

“काकू, घाई नाही. मी पुन्हा येईन—”

“आत्ताच ने, पोरी. मला हा घरात नको.”

गाडी गेल्यावर ती विळा घेऊन शेतात गेली. दोन ओळी कापल्या आणि तिथंच खाली बसली. माणूस गेला त्या दिवशी ती रडली नव्हती. आता मात्र आवाज आवरेना. बांधापलीकडून शेजारीण धावत आली.

“अगं, काय झालं? विळा लागला का?”

“हो,” फंगशिया म्हणाली, “लागला.”

शेजारणीने तिचा हात उलटापालटा करून पाहिला. कुठं रक्त दिसेना. मग ती तिच्याजवळच बसली.