पिशवीमामा आणि आभारप्रदर्शन

"अहो, माणसांना असं कोंडून ठेवतात का?"

"कोंडलंय कुठं, बाई? दार उघडंच आहे. पिशव्या तेवढ्या बंद आहेत."

हे भांडण मी वाचनालयात पेपर तोंडासमोर धरून ऐकलं, त्याला बरीच वर्षं झाली. पेपर उलटा होता की सुलटा ते विचारू नका, कान सुलटे होते. भांडत होत्या ग्रंथपालबाई आणि त्यांचा शिपाई. त्याला आमची सगळी गल्ली पिशवीमामा म्हणायची.

वाचनालयात शिरताना पिशवी दारापाशी द्यायची, हा तिथला नियम. मामाने त्यात स्वतःची भर घातली होती. कार्यक्रम असला की पिशव्या कपाटात, कपाटाला कुलूप आणि किल्ली याच्या खिशात. आभारप्रदर्शन झाल्याशिवाय कपाट उघडायचं नाही. पिशवीत घराची किल्ली, चष्मा, भाजी. माणूस जाणार कुठे?

बिचारा करणार तरी काय? वरून हुकूम आला होता : सर्व वयोगटांसाठी कार्यक्रम घ्या. वाचनालयाचं सभागृह ओस दिसलं तर तिथे जुन्या फायली रचू आणि शिपायाला पाठवू गावाबाहेरच्या गोदामावर राखणीला. मामाला गोदामाची धास्ती. बोलघेवडा माणूस, फायलींशी काय बोलणार?

म्हणून तो दारोदार फिरायचा. मला म्हणाला, "आजी, चला, गुडघेदुखीवर डॉक्टर येतायत." गेले, तर बाळंतिणींचा व्यायाम! दुसऱ्यांदा भजनाचं सांगून तरुणांच्या नोकरी-मार्गदर्शनाला बसवलं. पाटीवर 'सर्व वयोगट' लिहिलेलं असायचं, आणि ती सगळी वयं आम्ही गल्लीतल्या चौघी म्हाताऱ्या पुरवायचो.

मामी, म्हणजे त्याची बायको, धुणं वाळत घालता घालता म्हणायची, "माझ्या माहेरचं माणूस आलं की यांच्या कपाळाला आठ्या. आणि तिथे उभ्या गावाला या बसा, या बसा!"

मग तपासणीचा दिवस उजाडला. कार्यक्रम होता छोट्यांच्या गाण्यांचा, आणि नेमकी गल्लीतली सगळी पोरं गोवराने घरात झोपलेली. मामाने आम्हालाच त्या बुटक्या खुर्च्यांवर बसवलं. साहेब आत आले, इकडेतिकडे बघून म्हणाले, "मुलं कुठे आहेत?"

बाईंचा चेहरा पांढराफटक. मामा मात्र म्हणाला, "हीच ती, साहेब. कार्यक्रमाची वाट बघता बघता मोठी झाली."

साहेब हसले नाहीत. "ठीक आहे, मला दिसायचं ते दिसलं. माझी बॅग द्या, निघतो."

"आभार झाले की लगेच देतो."

"मी कोण आहे माहीत आहे का?"

"माहीत आहे ना! बॅग बाहेर ठेवायच्या नियमाखाली तुमचीच सही आहे."

गाडीची किल्ली बॅगेत. साहेब बसले, गुडघे कानापाशी घेऊन. पहिल्या गाण्याला ते छताकडे बघत होते. दुसऱ्याला हत्तीची सोंड करायची होती. माझ्या शेजारणीने त्यांना कोपराने ढोसलं, "हात वर करा की हो, सगळे करतायत." त्यांनी सोंड केली. चांगली केली, खोटं कशाला बोलू? पुढे बाईंनी घाबरून आभार इतके लांबवले, की पंख्याचेही मानले. तेवढ्यात साहेबांना डुलकी लागली.

साहेबांचा अहवाल वर गेला : श्रोते शेवटपर्यंत जागचे हलले नाहीत. सभागृह वाचलं, मामाही वाचला. उलट आमचं वाचनालय इतरांना आदर्श ठरलं. आता ठिकठिकाणी कपाटं घेतली म्हणे.

परवा मामा निवृत्त झाला. त्या दिवशीही सकाळी दारात हजर. "आजी, चला, मोतीबिंदूची माहिती आहे."

"खरं सांगा मामा, कसला कार्यक्रम?"

जरा खाली बघून म्हणाला, "माझाच निरोप. खुर्च्या रिकाम्या दिसायला नकोत."

सभागृह भरलं. गोवरातली ती पोरं आता मिशा फुटून मागे उभी होती. भाषणं सुरू झाली तसा मामा हळूच दाराकडे सरकला. स्वतःचं कौतुक ऐकायची सवय नव्हती माणसाला. पाहतो तर डब्याची पिशवी जागेवर नाही. बाई व्यासपीठावरूनच म्हणाल्या, "कपाटात आहे. आणि किल्ली आज माझ्याकडे आहे."

"बाई, असं कोंडून ठेवतात का?"

"दार उघडंच आहे, मामा."

मामा परत येऊन खुर्चीवर बसला. आभार संपल्यावर बाईंनी किल्ली त्याच्या हातात दिली. वाटलं, आता स्वतःची पिशवी घेऊन निघेल. पण तो रोजच्यासारखा कपाटापाशी उभा राहिला आणि एकेकाची पिशवी ओळखून देऊ लागला. माझी देताना म्हणाला, "आजी, चष्मा आत आहे का बघून घ्या."

मी बघितलं. होता. मग त्याने रांगेत माझ्या मागे उभ्या असलेल्या बाईला हाक मारली.