ताईनं सोडलेली टॅक्सची सूट

आणि वर ताईच म्हणते, मला पैशाचं काही कळत नाही. अरे, सगळा हिशोब मीच तर काढला होता.

ऐका पोरांनो. मागच्या सुट्टीत तिनं माझ्या नावाचं पेन्शन खातं उघडून घेतलं. तेव्हापासून एकच रट, त्यात पैसे टाक. माझ्या इथल्या, आखातातल्या पगाराला टॅक्सच नाही, मग मला सूट कशावर मिळणार? ती गावाकडे शिक्षिका आहे, जुन्या पद्धतीनं टॅक्स भरते, त्यात पेन्शनला टाकलेल्या पैशावर सूट मिळते. म्हणून आज इथल्या मआमीर भागातल्या आमच्या वर्कशॉपमधून जेवणाच्या सुट्टीत तिला फोन लावला.

"पैसे मी पाठवतो, तू तुझ्याच पेन्शन खात्यात टाक. वर्षाला पन्नास हजार टाकलेस तर दहाएक हजार टॅक्स वाचेल तुझा."

ती हसली. "हिशोब बरोबर आहे रे बाळ्या. पण पेन्शन मला येईल. म्हातारपणी तू काय खाणार, वेल्डिंगचे रॉड?"

"तू देशील की."

"मी तुझ्याहून नऊ वर्षांनी मोठी आहे. तोवर मी असेन का?"

हातात आलेले दहा हजार बाईनं माझ्यासाठी सहज सोडले. तुमच्या घरी आहे का असं कोणी?

संध्याकाळी हूऱ्यातल्या पैसे पाठवायच्या दुकानात जाऊन माझ्या खात्यासाठी पहिल्यांदा पैसे पाठवले. वीस दिनार.