उभ्या गाडीचं ॲव्हरेज

“मॅडम, इंजिन ओके आहे एवढंच डॅडींना सांगा. पुढचं आम्ही बघतो,” ब्रायन दुबईहून फोनवर म्हणाला. पुढचं म्हणजे काय, ते मला ठाऊक होतं. इंजिन ओके ठरलं की ड्रायव्हर चोर ठरणार होता.

आमचं वर्कशॉप सातिवलीला आहे, इम्पोर्टेड गाड्यांचं. मी तिथे डायग्नोसिस बघते, म्हणजे गाडीला काय होतंय ते शोधून काढते. ब्रायनची टू-सीटर स्पोर्ट्स कार वसईला त्याच्या वडिलांच्या वाडीत असते. वडील म्हणजे इनासकाका. त्यांना ती चालवता येत नाही. चांदीपचा दिनेश त्यांचा ड्रायव्हर. घरची साधी गाडी तो रोज चालवायचा आणि आठवड्यातून एकदा ही स्पोर्ट्स कार हायवेवर फिरवून आणायचा.

ब्रायन तिकडे बसून मोबाइलच्या ॲपमध्ये गाडीचं ॲव्हरेज बघायचा. ते निम्म्यावर आलं. पेट्रोल काढलं जातंय, असं त्याने ठरवून टाकलं. काकांनी दिनेशला कामावरून बंद केलं आणि वर नाक्यावर कारणही सांगितलं. असं एकदा बोललं गेलं की त्या ड्रायव्हरला आसपास कोणी गाडी देत नाही. मग खात्री करून घ्यायला गाडी आमच्याकडे आली.

मी आधी इंजिन बघितलं. या गाडीत चार सिलिंडर आहेत, सीटच्या मागे, आडवे निजवलेले. वजन खाली राहतं, म्हणून वळणावर गाडी रस्ता सोडत नाही. पेट्रोलचा मामला टर्बोकडे असतो. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुराच्या जोरावर एक छोटा पंखा फिरतो आणि आत जास्त हवा कोंबतो. पूर्वी एवढ्या ताकदीला सहा-आठ सिलिंडर लागायचे, आणि गाडी रमतगमत चालली तरी ते सगळे खायचे. टर्बोवालं इंजिन पाय हलका असेल तर लहान इंजिनासारखं खातं, दाबलं तर मोठ्यासारखं. त्यामुळे माझा पहिला संशय दिनेशच्या पायावर होता.

स्कॅनर लावला, एकही फॉल्ट नाही. मग मी स्वतः हायवेने चिंचोटीपर्यंत जाऊन आले. ॲव्हरेज झकास.

“झालं की,” आमचे मालक म्हणाले. “इंजिन ओके. गिऱ्हाईकालाही तेच ऐकायचंय.”

“पण साहेब, मग चोरीही झालेली नाही.”

“ते कसं?”

ते असं. ॲपमधलं ॲव्हरेज टाकीवरून काढत नाहीत. सिलिंडरमध्ये पेट्रोल फवारतो तो इंजेक्टर. त्याने किती पेट्रोल सोडलं, हे गाडीचा कॉम्प्युटर मोजतो आणि किलोमीटरशी ताडून बघतो. चोरलेलं पेट्रोल इंजेक्टरपर्यंत पोचतच नाही. चोरी झाली असती तर टाकी लवकर रिकामी झाली असती, ॲव्हरेज मात्र चांगलंच दिसलं असतं. म्हणजे पेट्रोल जळालं होतं, आणि याच इंजिनात जळालं होतं.

“मग पोराने गाडी पळवली असेल,” मालक म्हणाले.

मी त्यांना सरासरी वेग दाखवला. हायवेवर फिरणाऱ्या गाडीचा वेग सायकलपेक्षा कमी दिसत होता. याचा अर्थ एकच होता. गाडी बराच वेळ चालू राहत होती, पण जागची हलत नव्हती. मी काकांना बोलावून घेतलं.

“काका, गाडी उभी असताना कोण चालू करतं?”

“मीच की, बाय. ब्रायननेच सांगितलंय, रोज चालू करा, नायतर बॅटरी उतरेल.”

“किती वेळ ठेवता?”

“सकाळी चर्चमधून, मिस्सेवरून आलो की चालू करतो. केळींना पाणी सोडून आलो की बंद. इंजिन चांगलं तापायला नको?”

काकांनी जन्मभर विहिरीवरचं डिझेल इंजिन चालवलं होतं. ते अर्धवट तापवून बंद केलं की दुसऱ्या दिवशी हँडल मारून खांदे भरून येतात, हा त्यांचा अनुभव. तोच नियम त्यांनी स्पोर्ट्स कारला लावला. दिनेश कामावर यायचा तेव्हा गाडी बंद असायची, त्यामुळे त्याला पत्ताच नव्हता. मला काकांचा राग आला होता. पण ते इतकं सरळ सांगत होते की तो धरताही येईना.

मी त्यांना इंजेक्टरचं सगळं समजावलं.

“म्हणजे पोरगा चोर नाय.”

“नाही.”

ब्रायनला फोनवर सांगितलं. तो म्हणाला, “ओके. मग दिनेशला कळवा, उद्यापासून ये म्हणावं.”

“ते माझं काम नाही,” मी म्हटलं.

“मी जातो,” काका म्हणाले.

पुढच्या सर्व्हिसला आले तेव्हा काकांनीच पुढचं सांगितलं. दिनेशने त्यांना घरात घेतलं, चहा दिला. मग म्हणाला, “काका, तुम्ही नाक्यावर बोललात. आता पन नाक्यावरच सांगा. माझ्या घरात सांगून काय उपयोग?”

काकांनी ते केलं. नाक्यावर उभं राहून, ऐकतील त्या सगळ्यांना सांगितलं की दिनेशने पेट्रोल चोरलं नव्हतं, मीच रोज जाळत होतो. त्यानंतर दिनेशला काम मिळालं. काकांनी परत बोलावलं होतं, पण त्याने दुसरीकडे धरलं.

ब्रायनने वाडीत बॅटरीचा चार्जर बसवून घेतला. तो लावला की गाडी चालू करावीच लागत नाही. ॲव्हरेज पूर्ववत झालं. मनासारखा ड्रायव्हर काकांना अजून मिळालेला नाही.

संशय घ्यायचाच असेल तर आधी इंजिनावर घ्यावा. त्याला वाईट वाटत नाही.