डाव्या पायाची खोड

माझी बायको गेली त्याला आता वर्ष होत आलं. येणारी माणसं तिच्या हाताच्या चवीचं बोलतात, तिच्या काळजाचं कुणी बोलत नाही. ज्यांनी ते पाहिलं ते आता फारसे उरले नाहीत. म्हणून मीच सांगतो.

सत्तर साल उलटून गेलं होतं. आम्ही भोसरीत राहायचो आणि मी चिंचवडच्या एका कंपनीत डिस्पॅचचा रायडर होतो. त्याआधी त्याच कंपनीच्या फौंड्रीत भट्टीवर होतो, तिथून खोकला घेऊन बाहेर पडलो. रायडरचं काम म्हणजे एखाद्या सुट्या भागावाचून लाइन अडली की खाकी पिशवी पाठीला लावायची आणि मोटारसायकल काढायची. भोसरीला जा, चाकणला जा, खेडपर्यंत जा. चाकण तेव्हा कांद्याचा बाजार आणि दोनचार वर्कशॉप, बाकी सगळी शेतं. उन्हातान्हात फिरायचं, पण छातीत धूर नाही. खोकला कमी झाला तशी बायको म्हणायची, "हेच काम धरून ऱ्हावा. भट्टीचं नाव काढू नगा."

आमच्या जुन्या गाड्या जड होत्या. त्यांना गिअर उजव्या पायाला आणि ब्रेक डाव्या पायाला. बरीच वर्षं मी त्याच चालवल्या. मग कंपनीनं नव्या हलक्या गाड्या घेतल्या आणि त्यांचं सगळं उलटं निघालं. गिअर डाव्या पायाला, ब्रेक उजव्या. सरळ रस्त्याला काही वाटत नाही, डोकं सांगतं तसं पाय ऐकतो. पण अचानक बैल आडवा आला की डोकं गप्प बसतं आणि पाय आपल्या मनानं चालतो. डावा पाय दाबला जातो, तो पडतो गिअरवर, गाडी बोंबलते आणि पुढंच जाते.

आमच्यातला एक रायडर मोशीच्या उतारावर असाच एका ट्रकच्या मागच्या चाकात गेला. जीव वाचला, पाऊल गेलं. दवाखान्यात मला म्हणाला, "राव, ब्रेक दाबला होता मी. देवाशपथ दाबला होता."

कुठल्या पायानं दाबला ते मला ठाऊक होतं. माझाही तोच पाय दाबला जात होता, फक्त माझ्या पुढं अजून ट्रक आला नव्हता. त्या दिवसापासून गाडीला किक मारायच्या आधी मी दोन्ही पायांकडं बघून घ्यायचो. रस्त्यात कोंबडं फडफडलं तरी घाम फुटायचा.

मग कंपनीनं लष्करातून निवृत्त झालेला मोटारसायकलचा मास्तर आणला. साताऱ्याकडचा, बुटका, मिशा पांढऱ्या. आम्ही त्याला उस्ताद म्हणायचो. कंपनीच्या मागं मुरमाचं मैदान होतं, तिथं त्यानं आम्हाला उभं केलं. आम्ही सगळे जुने गडी. एक जण बोललाच, "उस्ताद, आमी काय आजचं हाय का? आमाला काय शिकवणार?"

उस्ताद म्हणाला, "नवा पोऱ्या आठवड्यात शिकतो. तुमचं आधी विसरवावं लागतंय. त्यालाच वेळ लागणार."

त्यानं पुढचा ब्रेक वापरायला लावला. पुढचा ब्रेक दाबला की माणूस तोंडावर पडतो असं आम्ही सगळे मानत आलो होतो. "तो काय हँडलला दागिना म्हणून लावलाय?" म्हणाला. दगड मांडून त्यांच्यामधून गाडी फिरवायला लावली. पण खरी भीती शिट्टीची. मैदानात चुन्याची रेघ मारलेली. आपण वेगात जायचं, उस्ताद मनाला येईल तेव्हा शिट्टी मारणार, रेघेच्या अलीकडं गाडी उभी झाली पाहिजे. बाकीचे हळूहळू सुधारले. माझी गाडी मात्र दर दोनतीन खेपांना बोंबलत रेघेपलीकडं जायची.

"परत डावा!" उस्ताद ओरडायचा. "पाय तुझाच हाय का दुश्मनाचा?"

लोक हसायचे. मीही हसायचो, पण आतून फाटलेली.

परीक्षेत नापास होईल त्यानं आपल्या जुन्या खात्यात जायचं, असं साहेबानं सांगितलं होतं. माझं जुनं खातं भट्टी. बायकोला हे सांगितलं तर ती रडली नाही, काही नाही. माझ्या पाटासमोर दोन्ही पायांपुढं एकेक वीट ठेवली. मी पाय पुढं सोडून जेवायला बसलो की परातीवर मध्येच उलथनं हाणायची, आणि मी उजवा पाय विटेवर दाबायचा. डावा हलला की म्हणायची, "मेला तुमी. मागनं मीबी मेले. आता जेवा."

शेवटच्या परीक्षेला मागं माणूस बसवायचं होतं, कारण कधी कधी फिटरला घेऊन जावं लागायचं. मागं वजन असलं की गाडी लवकर थांबत नाही. उस्ताद म्हणाला, ज्यानं त्यानं आपला माणूस आणावा. कुणी भाऊ आणला, कुणी मेव्हणा. माझ्या मागं बसायला कोणी तयार होईना. एका मित्राला विचारलं तर हात जोडून म्हणाला, "भावा, तुज्यासाठी जीव देईन. पण असा न्हाई."

परीक्षेच्या सकाळी मी डोक्याला हात लावून बसलो होतो. बायको म्हणाली, "मी येते."

"डोकं फिरलंय काय तुझं? कंपनीत बाई येते का?"

"मग बसवा कुणाला ते. हाय कोण?"

गेलो. सगळं खातं बघायला जमलेलं. ती एका अंगाला बसायला गेली, तसा उस्ताद म्हणाला, "बाई, तसं न्हाई चालणार. वजन एकीकडं ओढतंय. दोन्हीकडं पाय टाकून बसा."

ती थांबली. एवढ्या बाप्यांपुढं बाईनं तसं बसायचं म्हणजे तेव्हा मोठी लाजेची गोष्ट. तिनं एकदा सगळ्यांकडं बघितलं, कासोटा घट्ट केला आणि टांग टाकून बसली. कुणी फिसकन हसलं. उस्तादानं नुसती मान वळवली, हसू बंद.

मी किक मारली. खाली मुरूम, त्यावर ती तोंडावर पडलेली मला दिसायला लागली, अजून गाडी हलली पण नव्हती. तिनं माझा शर्ट दोन्ही मुठींत धरला होता.

मी सावकाश निघालो. मागून आवाज आला, "माज्यामुळं हळू नगा जाऊ. नापास करंल त्यो."

मी वेग घेतला. शिट्टी आता येईल, आता येईल. येईना. रेघ जवळ आली. मला वाटलं हा विसरला. आणि शिट्टी झाली.

त्या वेळी काय झालं ते मी आजवर शंभरदा आठवून पाहिलंय. डावा पाय वर उचलला गेला, एवढं मला नक्की कळलं. तिचं डोकं माझ्या पाठीवर आदळलं. गाडी उभी. खाली बघायची हिंमत होईना. इंजिन बोंबलत नाही, फटफट चालू आहे, त्यावरून समजलं की उजवा बसला. रेघ वीतभर पुढं होती.

उस्ताद चालत आला. हळूच म्हणाला, "डावा हलला."

मी मान खाली घातली.

"पण दाबला उजवा. पास हाईस." मग म्हणाला, "त्यो मरेपर्यंत हलणार बघ तुजा. गेला असं कदी समजू नगंस."

ती उतरली. कपाळ चोळत बाजूला जाऊन ओकली. पदरानं तोंड पुसून म्हणाली, "झालं न्हवं? भट्टी न्हाई आता?"

"नाही. बस, घरी सोडतो."

"मी चालत जाते."

"अगं, पास झालो ना!"

"त्यो काय म्हणला ते मी ऐकलं," ती म्हणाली आणि निघाली. मी पहिल्या गिअरमध्ये तिच्या शेजारून भोसरीपर्यंत गाडी चालवली. तिनं ढुंकून बघितलं नाही.

त्यानंतर ती कधी माझ्या मागं बसली नाही. तिचं माहेर खेड. ती एसटीनं जायची आणि मी एसटीच्या मागून मोटारसायकलवर. ती बरोबर शेवटच्या बाकावर जागा धरायची, मागच्या काचेतून माझ्याकडं बघत बसायची. मी जरा जवळ गेलो की तळहात दाखवायची, मागं व्हा. आतले लोक तिला वेडी समजत असतील. खेडच्या स्टँडवर उतरली की पिशवी माझ्या हातात द्यायची आणि पहिलं बोलणं हेच, "चाकणच्या अलीकडं लई जवळ आला हुता."

"नव्हतो आलो," मी म्हणायचो.

"आला हुता. मी बगत हुते."