शिल्लक असेल तेवढीच कविता

माझ्या काकांनी आयुष्यात एकच कविता लिहिली आणि उरलेलं आयुष्य ती खोडण्यात घालवलं.

काका रंगाच्या कारखान्यात स्टोअरकीपर होते. तळ्याच्या पलीकडे कारखाना, अलीकडे घर. गोदामातली प्रत्येक वस्तू जागेवर आहे का, हे वर्षातून एकदा स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचं आणि नसेल तर तांबडी रेघ मारून बाद करायची, ही त्यांची कामाची पद्धत. ‘असेल कुठेतरी’ हे वाक्य त्यांच्यापुढे चालत नसे. त्यांचा सख्खा भाऊ, म्हणजे माझे बाबा, एकदा घर रंगवायला त्यांच्याकडे शिडी मागायला गेले, तर काकांनी सही घेतल्याशिवाय शिडी सोडली नाही. बाबा ते अजून विसरलेले नाहीत.

अशा माणसाने लग्नाच्या पहिल्या वर्षी तळ्यावर कविता लिहावी, याचंच घरात सगळ्यांना नवल. चांगली ऐसपैस कविता होती. सुरुवात अशी:

पाण्यात आभाळ, आभाळात बगळे,
तळ्याच्या कुशीत कमळांचे मळे.

मग मासे, बेडूक, काजवे, चतुर, पलीकडच्या काठावरची झाडं अशी सगळी हजेरी लागायची आणि शेवट असा:

आणि खालच्या पायरीवर, पाय पाण्यात सोडून,
ती बसलेली, घरची सारी कामं मोडून.

‘ती’ म्हणजे काकू. तेव्हा ती रोज संध्याकाळी तळ्याच्या पायऱ्यांवर जाऊन बसायची. “कामं उरकूनच जायचे मी,” असं ती या ओळीवर आजतागायत म्हणत आली आहे, पण म्हणताना तिला हसू आवरत नाही.

वाचनालयाच्या काव्यवाचनात काका दरवर्षी ही कविता वाचत. एके वर्षी कार्यक्रमाच्या आदल्या संध्याकाळी ते सहज तळ्याला फेरी मारून आले. घरी आल्यावर त्यांनी तांबडं पेन काढलं आणि बगळ्यांवर रेघ मारली. काकू म्हणाली, “अहो, कविता आहे ती. गोदाम नाही.”

“आडात नाही ते पोहऱ्यात कुठून आणू?” काका म्हणाले.

बगळे गेल्यामुळे ‘मळे’ बिचारे यमकाविना लोंबकळत राहिले. पुढच्या वर्षी कमळंही गेली आणि तो प्रश्न सुटला.

तेव्हापासून रिवाजच पडला. आदल्या संध्याकाळी तळ्याची मोजणी आणि दुसऱ्या दिवशी उरलेली कविता. बेडूक गेले, काजवे गेले. मासे एका वर्षी उताणे तरंगताना दिसले. ते मोजणीत धरायचे की नाही यावर काकांनी बराच विचार केला आणि माल खराब म्हणून बाद केले. लोकांना मात्र मजा वाटू लागली. “यंदा काय गेलं?” म्हणून ते हौसेने यायचे. बाकीचे कवी दरवर्षी लांबत चाललेले असताना एक कविता आखडत जाते, हाच त्या कार्यक्रमातला एकमेव दिलासा होता, असं मी तिथे बसून बसून ठरवलं आहे.

आता खरं बोलायचं तर बगळे घालवण्यात काकांचाही हातभार होता. कारखान्याचं जे पाणी तळ्यात जायचं, त्यात मिसळलेल्या रसायनांची पिंपं काकांनीच गोदामातून काढून दिलेली असत. मला राग आला की मी मागचापुढचा विचार करत नाही. एकदा जेवताना हे त्यांच्या तोंडावर बोलले. काकूने माझ्याकडे डोळे वटारून पाहिलं.

“माहीत आहे मला,” काका म्हणाले. “म्हणून तर खोडायचं काम दुसऱ्या कुणावर टाकत नाही.” आणि त्यांनी भात वाढून घेतला.

काका निवृत्त झाले तोवर कवितेत पायऱ्या आणि काकू एवढंच उरलं होतं. काकूचेही ‘पाय पाण्यात सोडून’ हे शब्द गेले होते, कारण पायांना पुरळ उठायला लागल्यापासून ती वरच्या पायरीवर बसायची. पाणी कधी निळं, कधी जांभळं, वर साबणासारखा फेस. पलीकडच्या काठावर झाडांच्या जागी कचरा जळायचा. त्या धुराने काकूला खोकला धरला, मग दम लागायला लागला. डॉक्टरांनी नळी लावून छाती तपासली, तोंडाने ओढायचं औषध दिलं आणि स्पष्ट सांगितलं, “तळ्याकडे फिरकायचं नाही. पुढचा झटका मोठा येईल, आणि तो मला आवरता येईलच असं नाही.”

काकू थोडे दिवस घरी बसली. मग तोंडाला ओला रुमाल बांधून पुन्हा जायला लागली.

“तुला जिवाची काही पर्वा?” काकांनी विचारलं. मी तिथेच होते, शेंगा सोलत.

“मी गेले नाही तर तुम्ही मला बाद कराल.”

“नाही करणार.”

“तुम्ही? भावाकडून शिडीला सही घेणारे तुम्ही? न बघता ठेवाल मला?”

काकांना खोटं बोलता येत नव्हतं, हा त्यांचा मोठा दुर्गुण.

मी म्हटलं, “काकू, मग मोजणीच्या एका संध्याकाळपुरती जा की. रोज कशाला?”

“तपासणीपुरतं गोदाम भरायचं?” काकू माझ्यावरच उसळली. “अगं, इतकी वर्षं संसार केलाय यांच्याबरोबर. आणि त्या तळ्याचं आता माझ्याशिवाय राहिलंय काय?”

दोघंही एकाला झाकावं नि दुसऱ्याला काढावं असे. मी शेंगा तशाच टाकून घरी निघून आले.

ती रोज जात राहिली. येताना चार घरांपुढे थांबून दम घ्यायची. काका मागे काही अंतर ठेवून चालायचे, खिशात तिचं औषध घेऊन. एका संध्याकाळी ती पायरीवरच कोसळली. ओठ काळेनिळे झाले होते. काका आणि रिक्षावाला, दोघांनी मिळून तिला उचलून दवाखान्यात नेलं. बरी होऊन घरी आली आणि आठवडा लोटतो न लोटतो तोच पुन्हा रुमाल भिजवायला बसली.

काव्यवाचनाच्या आदल्या संध्याकाळी काका मोजणीला गेले. काकू वरच्या पायरीवर बसली होती, खोकत होती, पण होती. त्यांनी तिला पाहिलं, तिने त्यांना पाहिलं. दोघं बरोबर घरी आली.

दुसऱ्या दिवशी सभागृहात काकू पुढच्या रांगेत बसली होती, इस्त्रीचे कपडे घालून. काका उठले, चष्मा लावला आणि वाचलं:

“तळ्याच्या पायऱ्या.”

चष्मा काढून खाली बसले.

लोक थांबले. आणखी काही येईना, तेव्हा सगळ्यांचे डोळे काकूकडे वळले. वाचनालयाचे सेक्रेटरी हळूच तिच्याजवळ येऊन म्हणाले, “वहिनी, तब्येत बरी आहे ना?”

“आहे,” काकू म्हणाली. “जिवंत आहे.”

घरी येऊन दार लागल्यावर काकू म्हणाली, “काल मी तिथे होते.”

“होतीस.”

“तुम्ही बघितलंत.”

“बघितलं.”

“मग खोटं वाचलंत?”

“हो.”

“उभ्या जन्मात कधी चालू माल बाद केला नाहीत. मलाच केलंत?” तिचा आवाज चिरकला आणि खोकल्याची उबळ आली.

काकांनी औषध काढून तिच्या तोंडाशी धरलं. तिची धाप कमी होईपर्यंत वाट पाहिली. मग म्हणाले, “तू कवितेत नसलीस तरी चालेल मला. घरात नसलीस तर नाही चालणार. आता तिथे जाऊन बसायचं काही कारण उरलं नाही.”

काकू त्यांच्याशी बरेच दिवस बोलली नाही. मला ती म्हणाली, “या माणसाला मी कधीही माफ करणार नाही,” आणि ते ती मनापासूनच म्हणाली असणार. पण काव्यवाचनाच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, तळ्यावर जायच्या वेळेला, तिने उठून खिडक्या लावून घेतल्या आणि काकांकडे पाठ करून घरातच बसली. काका तिच्या पाठीकडे बघत बसले होते. मला तिथे थांबवेना.