बैलाच्या पारखीनं घेतलेली मोटारसायकल

उभ्या आयुष्यात मी एकच मोटारसायकल निवडली, आणि तीही बैल निवडतात तशी.

हसायचं तर हसा. ती निवडणाऱ्या तेव्हाच्या माझ्यातल्या बाईला आज मीसुद्धा हसते. पन्नाशी ओलांडलेली, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, आणि जगातलं सगळं आपल्याला कळतं हा ठाम समज. त्याला कारण एवढंच की माझे वडील म्हसा गावच्या जत्रेत बैल पारखायचे. मुरबाड तालुक्यात कुणाला खोंड घ्यायचा झाला की वडिलांना सोबत नेत, आणि परकराचा ओचा सावरत मी त्यांच्या मागे मागे फिरे. वडील सांगत, पाय उंच हवेत, पाठ सरळ हवी, पोट वर ओढलेलं हवं. बसक्या अंगाचा बैल दिसायला देखणा, पण घाटात बसकण मारतो. एवढ्या शिदोरीवर मी जन्मभर जाणकार म्हणून मिरवले.

आमचं घर शेणव्याजवळ. नवरा प्राथमिक शाळेत मास्तर, शाळा डोंगराकडच्या पाड्यावर. नव्वदच्या सुमारास त्यांनी एक मोपेड घेतली. मी मागे आडवी बसायचे, मांडीवर पिशवी, एक हात त्यांच्या खांद्यावर. चढ आला की उतरायचं आणि मागून ढकलायचं. त्या मोपेडवर आमचा सगळ्यात लांबचा प्रवास म्हणजे मुरबाड.

मास्तरांनी मात्र पोरांना तीस वर्षं भारताचा नकाशा शिकवला होता. पट्टी काश्मीरवर ठेवायची, घसरवत खाली आणायची आणि टोकावर ठोकायची, कन्याकुमारी! एकदा पाड्यावरच्या एका मुलीनं विचारलं, "गुर्जी, तुमी जाऊन आले का तिथं?" मास्तर संध्याकाळी घरी येऊन मला म्हणाले, "रिटायर झालो की जायचं. गाडीवर. तू न् मी."

"त्या मोपेडवर? म्हणजे कन्याकुमारीपर्यंत मीच ढकलायची ना?"

"नवी घेऊ गो."

तेव्हापासून कन्याकुमारी आमच्या घरातच राहायला आली. आमटीत मीठ जास्त पडलं की मास्तर म्हणायचे, "थोडं शिल्लक ठेव, तिथल्या समुद्राला कमी पडंल." माझं नळावर कुणाशी वाजलं की, "जाऊ दे, आपण काय इथं राहणार आहोत?" मी तोंड वाकडं करायचे, आणि आत हरखून जायचे. मला कुणी कुठं नेणार आहे, हेच मला नवं होतं.

ते रिटायर झाले त्या वर्षी, दोन हजार तीन-चारच्या आसपास, आम्ही कल्याणच्या एका शोरूममध्ये गेलो. तिथं दोन गाड्यांवर गोष्ट येऊन थांबली. एक उंच, ताठ, समोर काच, मागे दोन्ही बाजूंना पिशव्या अडकवायची सोय. दुसरी बुटकी, लांबलचक, सीट पार खाली, पाय पुढं पसरून बसायचं. पहिलीला तिथला माणूस टूरिंग म्हणत होता आणि दुसरीला क्रूझर.

"सर, लाँग टूरला दोन्ही चालतात," तो म्हणाला. "टूरिंगवर पाठ सरळ राहते, खराब रस्त्यावर बरी, सामान भरपूर बसतं. क्रूझर आरामात जाते, सीट खाली, पाय जमिनीला पुरतात. पण खड्ड्यात पोट घासतं."

पोट घासतं म्हटल्यावर संपलंच. माझ्यातल्या जाणकार बाईनं पदर खोचला. मी खाली वाकून दोन्ही गाड्यांची पोटं बघितली. उंच गाडीच्या पाठीवर थाप मारली. थाप! लोखंडावर! तो माणूस माझ्याकडे बघतच राहिला.

तोवर मास्तर बुटक्या गाडीवर जाऊन बसले होते. दोन्ही तळवे फरशीवर टेकवलेले, हात पुढं, आणि उतरायचं नाव नाही. बसल्या बसल्या एकदा डावा पाय उचलून परत टेकवला, परत उचलला. चेहरा तसा, जसा पाड्यावरच्या शाळेत तपासणीला आलेल्या साहेबांनी शाबासकी दिल्यावर व्हायचा.

"ही कशी वाटते?" मला म्हणाले.

मी मोठ्यानं म्हटलं, "न्हाव्याच्या खुर्चीत बसल्यासारखे दिसताय. दाढी करायची का कटिंग?"

सगळं शोरूम हसलं. मास्तरही हसले. उतरले. "हिच्या वडलांनी बैल पारखलेत," त्या माणसाला म्हणाले, "आमची काय टाप!" आम्ही उंच गाडी घेतली.

घरी आणल्यावर मी तिला हळदकुंकू लावलं आणि वडील करायचे तशी चढावर परीक्षाही घेतली. मागे भाताचं एक पोतं बांधून मास्तरांना टेकाडावर पाठवलं. गाडी धापसुद्धा न टाकता चढली. गावभर सांगत फिरले मी.

मग एक दिवस सरावासाठी दोघं तानसा तलावाकडे निघालो. रस्ताभर मी खूश. तलावाच्या अलीकडे उतारावर समोरून गुरं आली, म्हणून मास्तरांनी गाडी थांबवली. डावा पाय खाली टाकला, तो टेकला न टेकला तोच गुडघ्यात मुडपला, आणि गाडी आमच्यासकट आडवी. मला खरचटलंसुद्धा नाही. टाकीला पोचा आला. मी झुडपातून उठून पहिलं वाक्य काय म्हणावं? "गाडीचा काय दोष नाय हां!"

"नाय गो," मास्तर म्हणाले. खाली बसून ते डाव्या पायाची पोटरी चोळत होते. मी गाडीचा पोचा बघत होते.

त्यानंतर त्यांनी मला मागे बसवलं नाही. आधी म्हणाले, लावणी होऊ दे. मग दिवाळी. मग थंडी सोसत नाही. गाडी पडवीत गोणपाट पांघरून उभी. मी टोमण्यांवर टोमणे. "मास्तर, नकाशा काढा, पट्टीनंच जाऊन या." "तीस वर्षं पोरांना थापा मारल्यात का?" आल्यागेल्यासमोर म्हणायचे, "आमच्याकडचा बैल तयार आहे, गाडीवानच बसका निघाला." लोक हसायचे. मास्तर पेपर वाचत राहायचे.

दोन वर्षं मी हे केलं. मला वाटायचं, घाबरले.

पुढं त्यांच्या हातातून चहाची कपबशी सुटायला लागली तेव्हा ठाण्याला मोठ्या डॉक्टरांकडे गेलो. डॉक्टर म्हणाले, नसांचा आजार आहे, हळूहळू अंगभर जातो, थांबवता येत नाही. मग विचारलं, "सुरुवात कधी झाली?"

मास्तर माझ्याकडे न बघता म्हणाले, "डाव्या पायात जोर नव्हता. रिटायर व्हायच्या आधीपासून."

परतताना जीपमध्ये मी खिडकीकडे तोंड करून बसले. गावाचा फाटा जवळ आल्यावर विचारलं, "तेव्हाच का नाय सांगितलंत?"

"सांगितलं असतं तर तू गाडीच घेऊ दिली नसतीस. मला वाटलं, त्या बुटकीवर जमंल. पाय पुरत होते."

एवढंच. मला एक शब्द लावला नाही. लावला असता तर बरं झालं असतं, भांडायला तरी आलं असतं मला.

पाऊस संपता संपता त्यांनी खाट धरली. एक दिवस शेजारणीला त्यांच्याजवळ बसवून मी एकटी कल्याणला गेले, त्याच शोरूममध्ये. बुटकी गाडी होती. माणूस दुसरा होता. मी लुगडं आवरून तिच्यावर बसले, दोन्ही पाय फरशीवर ठेवले. त्यानं विचारलं, "कुणासाठी बघताय, मावशी?" मी उतरले आणि स्टँडवर आले.

दुपारी घरी पोचले. मास्तर जागे होते. शब्द आता जड आणि सावकाश यायचे.

"कुठं गेलेलीस?"

"कल्याणला. त्या बुटकीवर बसून आले."

"कशीय?"

"चांगलीय." मग खरं तेच म्हटलं, "तीच घ्यायला पायजे होती."

त्यांनी माझा हात हातात घेतला. पकड पोरासारखी हलकी. "मग चल," म्हणाले. "रस्ता सांग."

मी खाटेच्या कडेला बसले आणि सांगायला लागले. शेणव्याहून किन्हवली. किन्हवलीहून सरळगाव. डावीकडं वळायचं, टोकावडे. मग माळशेज, घाटात धुकं असंल तर सावकाश. वर ओतूर. ओतूरला चहा घ्यायचा. मग आळेफाटा.

आळेफाट्याच्या पुढचा रस्ता मला येत नव्हता. मी थांबले. त्यांना येत होता, पण त्यांचा डोळा लागला होता.